रास्ना : ओरबाडलेली आणि जोपासलेली

वातहर द्रव्यांत चरकसंहितेने जिला अग्रस्थान दिले ती रास्ना नेमकी कोणती, हा वाद आपल्या व्यवसायात जुनाच आहे. उत्तरेकडे प्लुचिया लॅन्सिओलाटाची पाने, केरळात कोळिंजनाचे कंद, तर बंगालकडे झाडावर वाढणाऱ्या व्हँडा टेसेलाटा या ऑर्किडची मुळे रास्ना म्हणून वापरली जातात. भारतीय आयुर्वेदिक औषधसंहितेने प्लुचियाच्या पानांना मान्यता दिली आहे. तथापि व्हँडाची मुळे बाजारातून हद्दपार झालेली नाहीत.

तो वाद येथे उकरून काढण्याचा आमचा हेतू नाही. आमचे म्हणणे एवढेच, की ज्यांना व्हँडा हवी त्यांनी ती लावावी. मुळांसाठी झाडावरून ओढलेले रोप मरते, आणि त्याची भरपाई निसर्गात सहजी होत नाही. फळात धुळीसारखी असंख्य बीजे असतात खरी; परंतु त्यांत अन्नसाठा नसल्याने योग्य बुरशीची साथ लाभल्यावाचून ती रुजत नाहीत, आणि रुजल्यावरही फूल येण्यास कित्येक वर्षे लागतात.

दुसरा घात अज्ञानाने होतो. बांडगूळ समजून आंब्यावरून ही वनस्पती काढून टाकली जाते. बांडगूळ आश्रयवृक्षाचा रस शोषते. व्हँडा केवळ आधार घेते. (वैद्यांनीही हा फरक न जाणावा, याचे आम्हांस नवल वाटते.)

वादळात मोडलेल्या किंवा तोडलेल्या झाडांवरील रोपे मिळवून पावसाळ्याच्या आरंभी आंबा, जांभूळ अशा खरबरीत सालीच्या झाडास काथ्याच्या दोरीने बांधावीत. तांब्याची तार वापरू नये. ऊन मोकळे, पण भर दुपारचे विरळ सावलीतून गाळून आलेले असावे. कुंडीच हवी असल्यास कोळसा व विटांचे तुकडे घालावेत. माती मुळीच नको, मुळे कुजतात. या मुळांवर स्पंजासारखे आवरण असते. ते कोरडे असता पांढुरके व ओले होताच हिरवट दिसते. पाणी केव्हा द्यावे हे त्यावरूनच ओळखावे. उन्हाळ्यात सकाळी शिंपण करावे, मात्र शेंड्यात पाणी साचू देऊ नये. तेथे कूज शिरली की वाढच खुंटते. बुंध्याशी फुटलेल्या पिल्लांना स्वतःची दोन-तीन मुळे आल्यावरच ती वेगळी करावीत. मोठ्या प्रमाणावर लागवड करावयाची तर ऊतिसंवर्धनाची रोपेच घ्यावी लागतील.

औषधनिर्मात्यांनी महारास्नादि काढ्याच्या वेष्टनावर नुसते 'रास्ना' न छापता वनस्पतीचे शास्त्रीय नाव व वापरलेले अंग छापावे, अशी आमची आग्रहाची सूचना आहे. माल व्हँडाचा असेल, तर तो लागवडीचा की जंगलातला, हे व्यापाऱ्याकडून लेखी घ्यावे. समस्त ऑर्किड कुल साइट्स कराराच्या परिशिष्टांत समाविष्ट असल्याने निर्यात करणाऱ्यांस तर हा प्रश्न टाळताच येणार नाही.