बिल्टीवरचं इंग्रजी

माल तोडणीला आला की आपल्या घरात दोनच गोष्टींची चर्चा चालते. आज बाजारात काय भाव फुटला आणि गाडीवाला भाडं काय सांगतो. भाड्याची घासाघीस कशी करावी हे आपल्याला कोणी शिकवायला नको. टनामागं शंभर रुपये तोडून घेतले की गडी मिशीला पीळ देत घरी येतो. पण गाडी भरून होते, ताडपत्री आवळली जाते, आणि जाता जाता ड्रायव्हर एक पातळ कागद पुढं करून म्हणतो, "इथं सही करा." आपण करतो. तो कागद म्हणजे बिल्टी, एल. आर. म्हणा हवं तर. बोलणं झालं मराठी-हिंदीत. पण उद्या काही बिनसलं तर पुढं येणार तो कागद, आणि तो असतो इंग्रजीत.

घरात बारावी-पंधरावी झालेली लेक किंवा सून असेल तर हे पान तिच्या हाती द्या. आणि गाडी ठरवताना तिला नुसती चहा करायला आत धाडू नका, शेजारी बसवा. ज्यांचं इंग्रजी जेमतेम आहे त्यांनीही घाबरू नये. बिल्टीवर कामाचे शब्द पुरते वीससुद्धा नसतात.

सोपे शब्द आधी उरकू. माल पाठवणारा तो कन्साइनर, म्हणजे तुम्ही. ज्याच्याकडं माल जायचा तो कन्साइनी, म्हणजे बहुधा तिकडचा आडत्या. 'पेड' म्हणजे भाडं इथंच दिलं. 'टू पे' म्हणजे भाडं तिकडं पोचल्यावर द्यायचं; ते आडत्या देतो आणि तुमच्या पट्टीतून कापतो. तेव्हा 'टू पे' असेल तर ठरलेला आकडा बिल्टीवर अक्षरी लिहून घ्या, नाहीतर पट्टीत भाडं म्हणून काय कापलं गेलं ते ताडून पाहायला हाती काही राहत नाही. 'डिटेन्शन' म्हणजे गाडी भरायला किंवा उतरवायला थांबून राहिली त्याचा आकार. तो किती तासांनंतर सुरू होतो ते विचारा. बाजाराच्या फाटकाबाहेर गाडी रात्रभर रांगेत उभी राहिली तर ते पैसे कोणाचे, हा प्रश्न गाडी निघायच्या आत सोडवायचा असतो.

आता 'इन्क्लुडेड' आणि 'एक्स्ट्रा'. मोठ्या ट्रान्सपोर्टवाल्याचं ऑफिस शहरात असलं की दर मोबाईलवर लिहून येतो. त्यात नुसतं 'रेट' आणि आकडा असेल तर गप्प बसू नका. उलट लिहा : "इज टोल इन्क्लुडेड? इज लोडिंग ॲण्ड अनलोडिंग इन्क्लुडेड?" म्हणजे टोल आणि भरणी-उतरणी यातच धरली का? उत्तरात 'ॲज पर ॲक्च्युअल' आलं तर समजा की जो खर्च होईल तो तुमच्या माथी, आणि त्याला वरची हद्द नाही. त्यावर लिहायचं : "प्लीज गिव्ह वन फायनल रेट, ऑल इन्क्लुडेड." आणखी एक. ताजी फळं, भाजी, धान्य अशा प्रक्रिया न केलेल्या शेतमालाच्या ट्रान्सपोर्ट एजन्सीमार्फत होणाऱ्या वाहतुकीला जीएसटी माफ आहे. 'जीएसटी एक्स्ट्रा' असं दिसलं तर नम्रपणे विचारा, "व्हाय?"

इंग्रजी पत्रातलं गोड बोलणंही ओळखायला शिका. 'वी विल डिलिव्हर' म्हणजे आम्ही पोचवू. 'वी विल ट्राय टू डिलिव्हर' म्हणजे पोचवायचा प्रयत्न करू. नाही पोचलं तर शब्द मोडला असं होत नाही. 'ॲप्रॉक्स' आणि 'ॲट द अर्लिएस्ट' हे त्याच भावकीतले. नाशवंत माल पाठवणाऱ्यानं असल्या शब्दांवर समाधान मानू नये. तारीख आणि वेळ मागावी.

आता ज्यासाठी आज लिहायला बसलो तिकडं वळतो. बहुतेक बिल्ट्यांवर ठळक छापलेलं असतं, 'ॲट ओनर्स रिस्क'. मालकाच्या जबाबदारीवर. मालक म्हणजे गाडीचा नव्हे बरं का, मालाचा मालक! माल सडला, भिजला, चेंगरला तर आमच्याकडं येऊ नका, असा तो इशारा. तो वाचून कित्येक जण नुकसान गिळून गप्प बसतात, आणि छापणाऱ्याला तेच हवं असतं.

कायदा इतका एकतर्फी नाही. १८६५ सालचा जुना कॅरियर्स कायदा जाऊन कॅरेज बाय रोड ॲक्ट, २००७ आला आणि तो १ मार्च २०११ पासून लागू झाला. त्यात सांगितलंय की, नुकसान वाहतूकदाराच्या हयगयीमुळं झालं हे सिद्ध करायचा भार माल पाठवणाऱ्यावर नाही. दैवी आपत्ती, युद्ध, दंगल, सरकारी जप्ती किंवा मनाई अशी मोजकी कारणं सोडली तर जबाबदारी वाहतूकदाराची. जुना कायदा होता तेव्हाही, २००० साली, सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं होतं की 'ओनर्स रिस्क' लिहिल्यानं वाहतूकदार स्वतःच्या हयगयीतून सुटत नाही. तेव्हा तो शिक्का पाहून कच खाऊ नका.

पण याच कायद्यात एक मेख आहे, आणि ती नीट समजून घ्या. भरपाईला मर्यादा आहे : भाड्याच्या दसपट, आणि तीही तुम्ही जाहीर केलेल्या किमतीच्या वर नाही. समजा, सटाण्याहून दिल्लीच्या आझादपूर मंडईला दुसऱ्याच्या मालाबरोबर तुमचे डाळिंबाचे ४० कॅरेट चालले. कॅरेटला २० किलो, म्हणजे ८०० किलो. किलोला १०० रुपये धरले तर माल ८०,००० रुपयांचा. भाडं किलोला ६ रुपयांनी ४,८०० रुपये. त्याची दसपट ४८,०००. सगळा माल गेला तरी त्याहून जास्त मिळायचं नाही. आणि कागदावर किंमत ३०,०००च लिहिली असेल तर ३०,०००. भरलेल्या अख्ख्या गाडीला ही दसपट पुष्कळदा पुरते, कारण भाडंच मोठं असतं. मार खातो तो थोडा पण भारी माल पाठवणारा. त्याच्यासाठी वाट ठेवलेली आहे : 'हायर रिस्क रेट', म्हणजे जादा जोखमीचा दर. थोडं जास्त भाडं द्यायचं कबूल करून तसं लिहून घेतलं तर दसपटीची मर्यादा आड येत नाही. "वॉट इज युवर हायर रिस्क रेट?" हे एकच वाक्य पाठ करा. एजन्सीवाला आधी तुमच्या तोंडाकडं पाहील, पाहू द्या.

ही किंमत लिहायची कुठं? 'गुड्स फॉरवर्डिंग नोट' नावाचा कागद असतो. माल हवाली करताना पाठवणाऱ्यानं तो भरून द्यायचा, असं कायदा सांगतो. आपल्याकडं तो गाडीवालाच मनानं भरतो, किंवा कुणीच भरत नाही. मागून घ्या, खरी किंमत लिहा, एक प्रत घरी ठेवा.

उशिराचा हिशेबही तिथंच. सटाणा ते दिल्ली बाराशे-तेराशे किलोमीटरची वाट. गाडी एक दिवस उशिरा पोचली की माल तोच आणि भाव दुसरा. कायदा म्हणतो की किती उशीर चालेल हे दोघांनी ठरवून नोटवर लिहावं. तेवढ्या उशिरापर्यंतच्या नुकसानीला वाहतूकदार फक्त भाड्याइतका जबाबदार. त्यापुढं गेला की दसपटीची किंवा जादा दराची भरपाई लागू. काहीच लिहिलं नसेल तर उशीर कशाला म्हणायचं, इथूनच भांडणाला सुरुवात. म्हणून लिहा : "डिलिव्हरी ॲट आझादपूर बाय फाइव्ह ए. एम.", पुढं तारीख, आणि खाली "डिले अलाउड, सिक्स अवर्स." सहा तासच का? दुसऱ्या दिवसाचा लिलाव हुकायच्या आत किती तास हातात आहेत ते तुमच्या आडत्याला विचारा आणि तो आकडा घाला.

बिल्टीच्या तळाशी बारीक अक्षरात आणखी एक ओळ असते, 'सब्जेक्ट टू दिल्ली जुरिसडिक्शन'. म्हणजे तंटा झाला तर दिल्लीच्या कोर्टात या. बागलाणातल्या माणसानं तारखेला दिल्ली गाठायची म्हणजे नुकसान परवडलं. गाडी भरायच्या आधी ती ओळ खोडून आपल्या जिल्ह्याचं नाव घालायला सांगा आणि खोडलेल्या जागी दोघांच्या सह्या घ्या. 'भरायच्या आधी' हे मुद्दाम म्हणतो. कॅरेट अजून शेडमध्ये असतात तोवर तुमच्या शब्दाला वजन. गाडीत चढले की घाई तुमची, त्याची नव्हे.

एवढी काळजी घेऊनही माल खराब पोचला तर? उतरवतानाच आडत्याला फोटो काढायला सांगा आणि पोचेच्या कागदावर, ड्रायव्हरच्या देखत, लिहून घ्या : "रिसीव्ह्ड इन डॅमेज्ड कंडिशन", पुढं किती कॅरेट तो आकडा. कोरी पोच देऊन नंतर बोंब मारली तर ऐकणारा कुणी नाही. मग लेखी नोटीस. माल बुक केल्याच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत ती पोचली पाहिजे, नाहीतर दावाच लावता येत नाही. दिवस बुकिंगपासून मोजायचे, नुकसान कळल्यापासून नव्हे. मजकूर लांबलचक नको. बिल्टी नंबर, तारीख, गाडी नंबर, किती माल, किती खराब, आणि खाली, "वी क्लेम", पुढं रक्कम, "फॉर लॉस ऑफ आवर गुड्स. प्लीज पे विदिन फिफ्टीन डेज." मराठीत लिहिली तरी नोटीस ती नोटीसच. पण शहरातल्या साहेबाच्या टेबलावर इंग्रजी कागद लवकर हलतो, हा आपल्या देशाचा जुना रोग आहे. स्पीड पोस्टानं पाठवा, पावती आणि नोटिशीची प्रत बिल्टीला टाचून ठेवा.

पुढच्या खेपेला वजनकाट्याची पावती घेऊ. घरात जुनी एखादी पडली असेल तर शोधून ठेवा. ग्रॉस, टेअर आणि नेट हे तीन आकडे समोर असले की बोलायला सोपं जाईल.