टोपीच्या कडेवरचं व्हॅसलीन

चेंडू टाकण्याआधी गेलॉर्ड पेरी टोपीची कड चाचपायचा. मग कानामागे बोट फिरवायचा. मग कपाळ, मग मनगट, मग कमरेचा पट्टा, मग पुन्हा टोपी. समोर बॅट घेऊन उभा असलेला माणूस हे सगळं बघत असायचा आणि त्याच्या डोक्यात एकच भुंगा, की यानं आता नक्की कुठून काढलं? कधी कुठूनच काढलेलं नसायचं. पेरी नुसताच हातवारे करायचा आणि साधा, कोरडा, सरळ चेंडू टाकायचा. बॅटर मात्र ओल्या चेंडूची वाट बघत आऊट.

ज्यांना बेसबॉलमध्ये काडीचा रस नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पेरी अमेरिकेच्या मेजर लीगमधला पिचर. 1962 ते 1983 खेळला, 314 सामने जिंकले. सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार दोन्ही लीगमध्ये मिळवणारा तो पहिला. आणि हा माणूस चेंडूला व्हॅसलीन लावतो हे अख्ख्या अमेरिकेला माहीत होतं. माहीत कसं? त्यानंच सांगितलं होतं. 1974 मध्ये त्यानं चक्क या विषयावर पुस्तक लिहिलं, तेही अजून खेळत असताना. पंच त्याची टोपी काढून बघायचे, त्याला मैदानात कपडे चाचपायला लावायचे. हाती काही लागायचं नाही. चेंडू बिघडवला म्हणून त्याला मैदानाबाहेर काढलं ते थेट 1982 मध्ये, म्हणजे एकविसाव्या हंगामात! एकदा पत्रकारांनी त्याच्या पाच वर्षांच्या मुलीला विचारलं, बाबा ग्रीस लावलेला चेंडू टाकतात का गं? ती म्हणाली, तो हार्ड स्लायडर आहे. पोरगी बापाची.

आता खरं सांगा, हे वाचताना हसू आलं ना? मलाही येतं. पण हसू का येतं, याचा विचार करू लागलो की गंमत थोडी ओसरते.

आधी विज्ञान समजून घेऊ, कारण ते भारी आहे. क्रिकेटसारखा इथे टप्पा नाही. 60 फूट 6 इंचांवरून चेंडू हवेतून थेट येतो, आणि वेगवान चेंडू असेल तर बॅटरकडे साधारण 0.4 सेकंद असतात. चेंडू वळतो, पडतो किंवा तरंगतो तो फक्त हवेमुळे आणि फिरकीमुळे. म्हणून सगळी लबाडी त्या दोन गोष्टींभोवती. थुंकी किंवा व्हॅसलीन लावलं की चेंडू बोटांतून ओल्या साबणासारखा निसटतो, फारसा फिरत नाही, त्यामुळे त्याला वर धरून ठेवणारा हवेचा आधार मिळत नाही आणि बॅटजवळ येऊन तो धपकन खाली जातो. चेंडूला एका बाजूनं ओरखडा काढला तर दोन्ही बाजूंनी हवा वेगवेगळी वाहते आणि चेंडू भलतीकडे सरकतो. हे आपल्याला शिकवायला नको. गल्लीत टेनिस बॉलच्या एका बाजूला इन्सुलेशन टेप चिकटवणारे आपणच. तिसरा प्रकार बरोबर उलटा. बोटांना काहीतरी चिकट लावायचं, म्हणजे सोडताना चेंडूला जोरदार फिरकी देता येते. मग सरळ येणारा वेगवान चेंडू अपेक्षेपेक्षा कमी खाली येतो, बॅटरला वाटतं तो वर चढला, आणि बॅट त्याच्या खालून निघून जाते.

थुंकी लावणं 1920 पर्यंत कायदेशीर होतं. त्या वर्षी बंदी आली, पण ज्यांचं पोटच त्यावर होतं अशा 17 पिचरना आयुष्यभराची सवलत दिली गेली. त्यातला शेवटचा बर्ली ग्राइम्स, तो 1934 पर्यंत राजरोस थुंकून खेळला. त्याच 1920 च्या ऑगस्टमध्ये रे चॅपमन नावाच्या बॅटरच्या डोक्यात कार्ल मेजचा चेंडू बसला आणि दुसऱ्या दिवशी तो गेला. तेव्हा हेल्मेट नव्हती. एकच चेंडू मळून काळा होईपर्यंत वापरायचे, आणि संध्याकाळच्या उजेडात तो नीट दिसायचा नाही. नंतर पंच मळका चेंडू झटपट बदलायला लागले. म्हणजे चेंडू कसा आहे हा प्रश्न निव्वळ आकडेवारीचा नाही, हे त्या खेळानं फार लवकर पाहिलं होतं.

तरीही पुढची कित्येक वर्षं या प्रकाराकडे विनोद म्हणूनच बघितलं गेलं. यांकीजचा व्हायटी फोर्ड लग्नाच्या अंगठीनं चेंडूला चरे पाडायचा, ते नाही जमलं तर त्याचा कॅचर एल्स्टन हॉवर्ड पायावरच्या पॅडच्या बकलवर चेंडू घासून द्यायचा. फोर्ड 1974 मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेला. 1980 मध्ये रिक हनिकटनं बोटाला पट्टी लावून त्यातून ड्रॉइंग पिनचं टोक बाहेर काढलं, आणि मग विसरून त्याच हातानं कपाळावरचा घाम पुसला. कपाळावर ओरखडा, दहा सामन्यांची बंदी. (हाच हनिकट पुढे डॉजर्सचा नावाजलेला पिचिंग कोच झाला. अनुभवाचे बोल म्हणतात ते हेच असावेत.) 1987 मध्ये पंचांनी जो निक्रोला खिसे उलटे करायला सांगितले. त्यानं दोन्ही हात असे काही हवेत उडवले की नखं घासायची पट्टी उडून सगळ्यांसमोर गवतावर पडली. त्याचं म्हणणं, मी नकलबॉल टाकतो, नखं तासावी लागतात. त्यालाही दहा सामने. थोड्याच दिवसांत तो टीव्हीवर एका कार्यक्रमात पॉलिश मशीन घेऊन आला आणि प्रेक्षक पोट धरून हसले.

या सगळ्या किश्श्यांमध्ये एक गोष्ट समान आहे. समोरचा बॅटर कोण होता, त्याचं काय झालं, हे कुणीच सांगत नाही. किस्सा नेहमी पिचरचा असतो.

आता 2014 चा एक प्रसंग बघा. यांकीजचा मायकल पिनेडा बॉस्टन रेड सॉक्सविरुद्ध खेळत होता. त्याच्या तळहातावर काहीतरी तपकिरी चिकट लावलेलं टीव्हीवर स्पष्ट दिसत होतं. बॉस्टननं तक्रार केली नाही. दोनच आठवड्यांनी पुन्हा तेच दोन संघ, थंडगार रात्र, आणि पिनेडाच्या मानेवर चीडाच्या डांबराचा हा एवढा मोठा पट्टा. आता मात्र बॉस्टनच्या मॅनेजरनं पंचांना बोलावलं, पिनेडा बाहेर, दहा सामने बंदी. नंतर मॅनेजरचा सूर असा होता की थंडीत पकड यावी म्हणून पिचर काहीबाही लावतात हे आम्हालाही समजतं, पण इतकं उघड? म्हणजे तक्रार लावण्याची नव्हती, न लपवण्याची होती! पहिल्या वेळी बॉस्टन गप्प बसलं ते काही उदारपणानं नव्हे. त्यांच्या पिचरची बोटं तरी कुठे कोरडी होती?

इथे मला आमच्या कॉलेजची फिजिक्सची लॅब आठवते. लंबकाच्या प्रयोगात 'जी'ची किंमत 980 च्या आसपास यायला हवी. घड्याळ जुनं, दोरा लांबणारा, कधीच यायची नाही. मग सगळी बॅच उत्तरापासून उलटी निघायची आणि रीडिंग 'तयार' करायची. सर बघून न बघितल्यासारखं करायचे. आमच्यातल्या एकानं खरी रीडिंग लिहिली, त्याचं उत्तर 930 की काय आलं, आणि त्याला वीसपैकी अकरा मिळाले. आम्हाला सतरा-अठरा. आम्ही त्याला 'हरिश्चंद्र' म्हणून चिडवायचो. आपण फसवतोय असं तेव्हा एकालाही वाटत नव्हतं, कारण सगळेच करत होते. आणि मुळात फसवलं कुणाला? सरांना तर माहीतच होतं.

त्या अकरा मार्कांचं उत्तर मला बेसबॉलच्या 2021 च्या हंगामात मिळालं.

तोपर्यंत थुंकी-व्हॅसलीनचा जमाना संपून चिकट पदार्थांचा आला होता. सनस्क्रीन आणि राळ यांचं मिश्रण तर जुनंच. पण आता 'स्पायडर टॅक' नावाचा गोंद आला, जो मुळात शक्तीच्या स्पर्धांत मोठमोठे दगडी गोळे उचलणाऱ्यांसाठी बनवलेला होता. शिवाय 2015 पासून प्रत्येक चेंडूची फिरकी यंत्रं मोजत होती, आणि ते आकडे बघून पिचरची किंमत ठरत होती. त्या हंगामाच्या सुरुवातीला बॅटिंगची सरासरी 1968 नंतर कधी नव्हती इतकी खाली घसरली. शेवटी लीगनं 21 जूनपासून तपासणी सक्तीची केली. दर काही वेळानं पंच पिचरचे हात, टोपी, पट्टा बघणार. चिडलेल्या मॅक्स शेरझरनं तर भर मैदानात पट्टा सोडायला घेतला. बऱ्याच जणांची फिरकी पुढच्या काही आठवड्यांत खाली आली, आणि कोण कशावर उभं होतं ते आकड्यांनीच सांगितलं.

आता त्या पिचरचा विचार करा ज्यानं काही लावलं नाही. समजा तो खालच्या लीगमध्ये आहे, बसनं प्रवास करतोय, वरून बोलावणं येईल म्हणून वाट बघतोय. त्याची फिरकी खरी आहे, पण ती ज्यांच्याशी ताडून बघितली जाते त्यांची गोंदातून आलेली. कागदावर तो सामान्य. त्याला कुणी फसवलं असं म्हणताही येत नाही, कारण त्याच्यासमोर कुणी उभंच नव्हतं. आमच्या हरिश्चंद्रासमोर तरी कोण उभं होतं?

तेव्हा 'सगळेच करतात, मग कुणाचं नुकसान?' हे मला पटत नाही. सगळे कधीच करत नसतात. जो करत नाही तो आकड्यांत दिसत नाही, एवढंच.

मग चतुराई कुठे संपते? बेसबॉल हा फसवणुकीवरच उभा असलेला खेळ आहे. वेगवान चेंडूसारखाच हात फिरवून हळू चेंडू टाकायचा, हे कसब. बाहेर गेलेला चेंडू कॅचरनं अलगद आत ओढून पंचांना स्ट्राइक वाटायला लावायचा, हेही कसब, त्याला पगार वाढतो. दुसऱ्या बेसवर उभ्या रनरनं कॅचरच्या बोटांच्या खुणा वाचून आपल्या बॅटरला कळवल्या तरी चालतं. पण 2017 मध्ये ह्यूस्टन अॅस्ट्रोजनं त्याच खुणा कॅमेऱ्यानं टिपल्या आणि कचऱ्याचा डबा बडवून बॅटरला कळवल्या, तेव्हा ते पाप ठरलं. खुणा त्याच, चोरी तीच. फरक माझ्या मते असा की रनर समोर दिसतो. पिचर खुणा बदलू शकतो, त्याच्याकडे उत्तर आहे. डब्याला उत्तर नाही, कारण डबा आहे हेच माहीत नाही. हळू चेंडू टाकणाऱ्यानं आपली युक्ती उघड सांगितली तरी ती चालत राहते. गोंदवाल्यानं सांगितली की खेळ संपतो.

या कसोटीवर माझा लाडका पेरीही अर्धाच पास होतो. हातवारे करून साधा चेंडू टाकणारा पेरी मला शंभर टक्के मान्य आहे, ती निव्वळ अक्कल. खरंच व्हॅसलीन लावणारा पेरी चीटिंग करत होता, पुस्तक लिहिलं म्हणून ते धुतलं जात नाही. हे लिहिताना मला जरा वाईट वाटतंय, पण आहे ते आहे.

लीगही काही धुतल्या तांदळाची नाही. नवा चेंडू फार गुळगुळीत असतो म्हणून प्रत्येक सामन्याआधी सगळ्या चेंडूंना डेलावेअर नदीच्या खोऱ्यातला खास चिखल चोळतात, म्हणजे चेंडू 'बिघडवण्याचं' अधिकृत कंत्राटच. माउंडवर राळेची पुरचुंडी ठेवलेली असते, ती वापरा. तीच राळ सनस्क्रीनमध्ये मिसळली की गुन्हा. 2023 मध्ये शेरझरला बाहेर काढलं तेव्हा तो ओरडून सांगत होता की हा फक्त घाम आणि राळ आहे. त्यालाही दहा सामने. 2021 मध्ये टायलर ग्लासनाऊनं तर कोपराच्या दुखापतीचा दोष ऐन हंगामात सनस्क्रीन सोडावं लागण्याला दिला. वर्षानुवर्षं डोळेझाक करायची आणि एका सोमवारी अचानक जागं व्हायचं, हा कारभार आपल्या ओळखीचाच आहे. क्रिकेटमध्ये काय वेगळं? चेंडूला थुंकी लावून चमकवणं आपल्याकडे 2020 पर्यंत शास्त्रशुद्ध कौशल्य होतं, कोविड आला आणि ते बंद झालं. पण त्याच थुंकीतून 2004 मध्ये ब्रिस्बेनला खोकल्याच्या गोळीचा अंश चेंडूवर गेला म्हणून राहुल द्रविडसारख्या माणसाची अर्धी मॅच फी कापली गेली होती. रेषा माणसंच आखतात, वाकडी आखतात, मध्येच पुसून दुसरीकडे आखतात.

पण रेषा वाकडी आहे म्हणून ती नाहीच, असं म्हणणाऱ्यांनी माइक बोल्सिंजरचं नाव लक्षात ठेवावं. टोरांटोचा हा पिचर 4 ऑगस्ट 2017 ला ह्यूस्टनमध्ये खेळायला उतरला, आणि एकच बॅटर आऊट होईस्तोवर त्याच्यावर चार रन झाले. संघानं त्याला खाली पाठवलं. मेजर लीगमध्ये तो पुन्हा कधीच दिसला नाही. नंतर एका चाहत्यानं सामन्यांची रेकॉर्डिंग ऐकून डब्याचे आवाज मोजले, तेव्हा त्या हंगामात सर्वांत जास्त डबा वाजलेला सामना हाच निघाला. बोल्सिंजर कोर्टात गेला, हाती काही लागलं नाही. ह्यूस्टनला 50 लाख डॉलरचा दंड झाला, मॅनेजर आणि जनरल मॅनेजर वर्षभरासाठी निलंबित झाले. खेळाडूंना काही नाही. 2017 चं विजेतेपद आजही त्यांच्याच नावावर आहे.

पेरी 2022 च्या डिसेंबरमध्ये गेला. कूपर्सटाउनच्या हॉल ऑफ फेममध्ये त्याची पाटी 1991 पासून आहे. माउंडवरचे हातवारे करून तो बॅटरच्या मनाशी कसा खेळायचा, हे त्या पाटीवर कौतुकानं कोरलंय. व्हॅसलीनचा उल्लेख नाही.