बंदरातील टगचे मोल कशात मोजावे?

बंदरासाठी टग घेताना निविदेत सर्वाधिक भाव मिळतो तो ‘बोलार्ड पुल’च्या आकड्याला, म्हणजे धक्क्यावरील खुंटाला दोर बांधून टग पूर्ण शक्तीने चालवली असता ती किती टन ओढते, या मापाला. हे माप आवश्यक असले, तरी ढकलणे थांबवून उलट ओढू लागण्यास टगला किती वेळ लागतो, हे त्यातून कळत नाही, आणि अपघात याच अवधीतही घडू शकतो.

या दृष्टीने अमेरिकी नौदलाची ‘होगा’ अभ्यासण्याजोगी आहे. न्यूयॉर्कमध्ये बांधलेली, 1941 साली सेवेत आलेली आणि सुमारे 100 फूट लांबीची ही टग डिझेल-विद्युत पद्धतीची होती. तिच्यात डिझेल इंजिने जनित्र फिरवीत, त्या विजेवर मोटर चाले आणि मोटर एकुलता पंखा फिरवी. थेट जोडणीच्या तत्कालीन डिझेल टगमध्ये दिशा बदलण्यासाठी इंजिन थांबवून, दाबलेल्या हवेने ते उलट सुरू करावे लागे, आणि हवेचा साठा संपला की चालकाचे हात बांधले जात. डिझेल-विद्युत रचनेत मात्र इंजिन न थांबवता केवळ विद्युतप्रवाहाच्या नियंत्रणाने पंखा उलट फिरवता येतो.

7 डिसेंबर 1941 रोजी पर्ल हार्बरवर हल्ला झाला, तेव्हा ‘होगा’ने जळत्या ‘ॲरिझोना’शेजारून दुरुस्ती-जहाज ‘व्हेस्टल’ ओढून काढले. नंतर, खाडीमुखात बुडाली असती तर सारे बंदरच कोंडले असते अशा ‘नेव्हाडा’ या युद्धनौकेला उथळ किनाऱ्यावर लावण्याच्या कामी तिने हात दिला. पुढे सुमारे 72 तास ती आगी विझवीत राहिली. आगीवर पाणी मारताना फवाऱ्याच्या प्रतिक्रियेने बोट मागे सरकत असते आणि तिला जागेवर धरण्यासाठी पंख्याचा जोर सतत कमी-अधिक करावा लागतो, हे ध्यानी घेतल्यास तिच्या यंत्रणेचे महत्त्व उमगते.

1948 पासून 1994 पर्यंत ती ओकलंडमध्ये अग्निशमन-बोट होती, आणि 2015 पासून आर्कान्सातील संग्रहालयात आहे. युद्धातील पराक्रमामुळे ती जपली गेली हे खरे. तथापि अग्निशमनातील ही दीर्घ सेवा तांत्रिकदृष्ट्या अधिक बोलकी ठरते.

एकाच पंख्याची मर्यादा आजच्या, सर्व दिशांना वळणाऱ्या पंख्यांच्या टगांनी ओलांडली आहे. तरीही स्वीकृती-चाचणीत पूर्ण पुढून पूर्ण मागे जाण्याचा वेळ, तसेच पंप चालू असताना उरणारी ओढ, हे दोन आकडे बोलार्ड पुलच्या शेजारी नोंदवण्याची अट खरेदीदारांनी घालावी.