मालिका पाहावी पारखून



दिवाळी सरली, भाऊबीज झाली, की आमच्या भंडारा जिल्ह्यात मंडईचे दिवस सुरू होतात. आज या गावची मंडई, उद्या त्या गावची. दिवसा पाळणे, खेळणी, मिठाईची दुकानं आणि रात्री दंडार नाहीतर नाटक! दूरच्या दोस्तांसाठी सांगते, भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर या जिल्ह्यांतल्या धानाच्या मुलखाला झाडीपट्टी म्हणतात. इथलं नाटक रात्री उशिरा सुरू होतं आणि पार तांबडं फुटेस्तोवर चालतं. गडचिरोली जिल्ह्यातल्या वडसा इथल्या नाटकमंडळ्या गावोगाव फिरतात. माणसं तिकीट काढून, चादर पांघरून थंडीत रात्र काढतात. या रंगभूमीवर आयुष्य वेचणाऱ्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली.

आता तुम्ही विचाराल, ‘बाई, तुम्ही तर टीव्हीवरच्या मालिकांबद्दल सांगणार होतात ना?’ त्याच वाटेवर आहोत. नाटक चांगलं झालं की नाही, हे आमच्याकडं त्या रात्री ठरतच नाही. ते ठरतं दुसऱ्या दिवशी, पारावर आणि शेताच्या बांधावर. ‘मोठ्या भावानं जमीन विकायला नको होती.’ ‘अरे, पण आईच्या औषधाला पैसा कुठून आणणार होता तो?’ असा वाद रंगला, तर समजावं तिकिटाचे पैसे वसूल झाले. कुणी काहीच बोललं नाही, तर नुसतं जागरण झालं!

मालिकेचीही पहिली परीक्षा हीच. पाहून झाल्यावर बोलायला काय उरलं?

दुसरी परीक्षा : गोष्ट पुढं सरकते का? मी चौथीच्या वर्गाला एकदा जरा वेगळाच गृहपाठ दिला. घरी जी मालिका लागते तिचा एक भाग पाहायचा आणि त्यात काय घडलं ते लिहून आणायचं. एका मुलीनं लिहिलं, ‘सून दारात उभी होती. सगळ्यांनी तिच्याकडं पाहिलं. उद्या ती आत येणार आहे.’ वर्ग खो खो हसला. पण तिनं काहीही गाळलं नव्हतं बरं का! अर्ध्या तासातून जाहिराती वजा केल्या तर वीस-बावीस मिनिटं उरतात. त्यात ढँण ढँण वाजवून एकेक चेहरा तीनतीनदा दाखवला, तर गोष्टीला जागा कुठं राहणार?

तिसरी परीक्षा : गोष्टीला शेवट आहे का? लांबी हा दोष नव्हे. दूरदर्शनवरचं ‘महाभारत’ १९८८ ते १९९० असं चाललं, त्याचे ९४ भाग झाले. पण कुरुक्षेत्राकडं जायचंय, हे त्याच्या पहिल्या भागालाही ठाऊक होतं. जी मालिका जाहिराती मिळतात तोवर चालवायची असते, तिच्यात मग मेलेला माणूस परत येतो, स्मृती जाते, जुळा भाऊ निघतो. लेखकाला वाट सापडत नसली, की असे रस्ते फुटतात!

चौथी परीक्षा : यातली माणसं माणसांसारखी वागतात का? ती कामाला कधी जातात? स्वयंपाक कोण करतं? घर चालवायला पैसा कुठून येतो? दुष्ट बाई फक्त जाड काजळावरून ओळखायची, की ती अशी का झाली हेही कळतं? आणि दाराआडून ऐकणं, कान भरणं, हे जर रोजचंच वागणं म्हणून दाखवत असतील, तर ते आपल्याही घरात हळूच शिरतं.

आता या चार परीक्षांत कोण कोण पास होतं, ते पाहू.

१९८६ साली दूरदर्शनवर ‘मालगुडी डेज’ आली. आर. के. नारायण यांच्या कथा, शंकर नाग यांचं दिग्दर्शन आणि चित्रीकरण कर्नाटकातल्या अगुंबे या पावसाळी गावात. तिच्यातला स्वामी तुमच्याच वयाचा. त्याला परीक्षेची भीती वाटते, मित्रांशी त्याचं भांडण होतं, क्रिकेटचा संघ काढायची हौस असते. कुणी विषाचा पेला घेऊन फिरत नाही, तरी आपला जीव स्वामीत अडकतो. कारण वडील रागावल्यावर पोटात कसा गोळा येतो, ते आपल्यालाही माहीत असतं.

त्याच्या आधी, १९८४ साली, ‘हम लोग’ सुरू झाली होती. तिचा एक धागा आपल्या विदर्भाशी जुळतो. वर्ध्याचे खासदार वसंत साठे तेव्हा काही काळ देशाचे माहिती व नभोवाणी मंत्री होते. १९८२ मध्ये ते मेक्सिकोला गेले. तिथं मनोरंजनातून लोकशिक्षण करणाऱ्या मालिका निघत होत्या. तसं काही आपल्याकडंही व्हावं, असं त्यांना वाटलं. मनोहर श्याम जोशी यांनी एका साध्या, ओढाताणीत जगणाऱ्या कुटुंबाची कथा लिहिली. प्रत्येक भागाच्या शेवटी अशोक कुमार पडद्यावर येऊन प्रेक्षकांशी दोन शब्द बोलत. म्हणजे पारावरची चर्चा मालिकेनं स्वतःच सुरू करून दिली!

मराठीत पाहायचं तर ‘उंच माझा झोका’ आठवते. झी मराठीवर ती २०१२-१३ मध्ये लागायची. अकराव्या वर्षी लग्न होऊन न्यायमूर्ती रानडे यांच्या घरी आलेली रमा पाटी-पेन्सिल हातात धरते. घरातल्या बायकांचे टोमणे सोसत शिकते आणि पुढं सेवासदनासारखी संस्था उभी करते. एका मुलीनं वाचायला शिकावं, एवढीच तर गोष्ट. पण तेवढ्यासाठी केवढी लढाई!

अशी खऱ्या माणसांवरची मालिका पाहताना एक पाचवी परीक्षाही घ्यायची. यातलं खरं किती आणि लेखकानं रचलेलं किती? बंद खोलीत दोघं काय बोलली, ते ऐकायला तिसरं कुणी नव्हतं. ते संवाद रचावेच लागतात, त्यात फसवणूक नाही. मात्र पडद्यावर पाहिलं म्हणून इतिहासाच्या पेपरात लिहू नका! रमाबाईंनी स्वतः आपल्या आठवणी लिहिल्या, त्या १९१० साली पुस्तकरूपानं आल्या. मालिका पाहून ते पुस्तक उघडावंसं वाटलं, तर मालिकेनं आपलं काम केलं. श्याम बेनेगल यांची १९८८ ची ‘भारत एक खोज’ ही ५३ भागांची मालिकाही अशीच पुस्तकातून आली. पंडित नेहरूंनी ते पुस्तक कुठं लिहिलं माहीत आहे? तेव्हाच्या अहमदनगरच्या किल्ल्यात, इंग्रजांच्या कैदेत असताना, १९४४ साली.

आता थोडी कडू गोष्ट. २०२० च्या जानेवारीत सोनी मराठीवर ‘सावित्रीजोती’ सुरू झाली. सावित्रीबाई आणि जोतिराव फुले यांची कथा. आज आपल्या वर्गात मुली बसतात, त्याची सुरुवात ज्यांनी केली, त्यांची कथा. पण पाहणारे कमी पडले आणि डिसेंबरात मालिका आवरती घ्यावी लागली.

पाहणारे किती, हे मोजतात कसं? शितावरून भाताची परीक्षा, तसं. देशातल्या हजारो निवडक घरांत टीव्हीला एक छोटं यंत्र जोडलेलं असतं. त्या घरांत काय पाहिलं गेलं, यावरून साऱ्या देशाचा अंदाज बांधतात. त्याला टीआरपी म्हणतात. ज्या मालिकेचा टीआरपी जास्त, तिच्याकडं जाहिराती जास्त आणि जाहिरातींच्या पैशावर मालिका जगते. तुमच्या घरी ते यंत्र नसेलही. पण ज्या घरांत ते आहे, ती तुमच्या-आमच्यासारखीच घरं ना? ‘चांगलं काही लागतच नाही’ असं म्हणायचं आणि लागलं की रिमोट दाबायचा, मग चांगलं टिकणार कसं?

शोधायचं कुठं? पहिला पत्ता घरातलाच, आजी-आजोबा. २०२० च्या टाळेबंदीत १९८७ सालचं ‘रामायण’ दूरदर्शननं पुन्हा दाखवलं, तेव्हा किती घरांत आजी-आजोबा आणि नातवंडं एकत्र बसली! आजीला विचारा, ‘तुझी आवडती मालिका कोणती होती, आणि का?’ ‘का’ विसरू नका. दुसरा पत्ता दूरदर्शनची सह्याद्री वाहिनी. तिसरा, प्रसारभारतीनं नोव्हेंबर २०२४ मध्ये सुरू केलेलं ‘वेव्हज’ हे ॲप. त्यावर दूरदर्शनच्या जुन्या मालिका आहेत. मात्र फोन मोठ्यांच्या हातात हवा आणि पाहायचं सगळ्यांनी मिळून.

पालकहो, दोन शब्द तुमच्यासाठी. गावाकडं बहुतेक घरांत टीव्ही एक आणि खोल्याही मोजक्याच. आपण मालिका लावून मुलाला ‘अभ्यासाला बस’ म्हणतो, तेव्हा पाठ भिंतीकडं असली तरी त्याचे कान टीव्हीकडंच असतात. म्हणजे आपली मालिका ही त्याचीही मालिका असते. तेव्हा निवड करताना त्यालाही धरा. आठवड्यातून दोनदा का होईना, सगळ्यांनी मिळून एकच मालिका पाहा आणि मग टीव्ही बंद करून दहा मिनिटं बोला. ‘तू तिच्या जागी असतास तर काय केलं असतंस?’ एवढा एक प्रश्न विचारून पाहा. मुलाच्या मनातलं पुष्कळ काही या एका प्रश्नातून बाहेर येतं.

आणि मुलांनो, हा या आठवड्याचा उद्योग. वहीच्या एका पानावर चार रकाने आखा. काय घडलं? कोण बरोबर होतं? न पटलेलं काय? बोलायला काय उरलं? घरी लागणाऱ्या मालिकेचे सलग तीन भाग पाहा आणि रकाने भरा. तिन्ही दिवशी पहिला रकाना कोराच राहिला, तर ते पान आईबाबांना दाखवा आणि वेगळी मालिका लावायची का, ते सगळ्यांनी मिळून ठरवा. रकाने भरून वाहिले, तर मात्र ती मालिका सोडू नका, शेजारच्या मित्रालाही सांगा.

चला तर, पट्टी-पेन्सिल घ्या आणि लागा कामाला!