परवा म्हणजे केव्हा?

संगणकावरील दिनदर्शिकेत एखादी भेट नोंदवायची, तर एकेकाळी तारीख, तास, मिनिटे अशा चौकटी एकामागून एक भराव्या लागत. एप्रिल २००६ मध्ये गूगल कॅलेंडर सुरू झाले, तेव्हा त्यात एक वेगळी सोय होती. ‘उद्या सायंकाळी सात वाजता मित्राकडे जेवण’ अशा अर्थाचे इंग्रजी वाक्य लिहिले, की त्यातील दिवस व वेळ यंत्र स्वतःच ओळखून घेई. माणसाने तक्ते भरत बसण्याऐवजी यंत्राने माणसाचे बोलणे समजून घ्यावे, ही कल्पना मला मनापासून पटते.

मात्र हीच सोय मराठीत आणायची, तर केवळ इंग्रजी शब्दांना प्रतिशब्द देऊन भागणार नाही. मराठीत प्रत्यय शब्दालाच जोडला जातो. बुधवारी, बुधवारपासून, बुधवारपर्यंत या प्रत्येक रूपातून यंत्राला ‘बुधवार’ वेगळा काढता आला पाहिजे. ‘सातला’ म्हणजे सात वाजता की सात तारखेला, हे संदर्भानेच ठरते. सव्वापाच, पावणेसहा यांचे गणित तरी सोपे. दीड आणि अडीच या शब्दांत तर एक आणि दोन ऐकूसुद्धा येत नाहीत!

‘परवा’ची गंमत आणखी निराळी. ‘परवा आले’ आणि ‘परवा येतील’ यांतील दिवस क्रियापदामुळे कळतो. दिनदर्शिकेतील नोंदीत बहुधा क्रियापदच नसते. सोमवारी कोणी ‘आठ दिवसांनी या’ म्हटले, तर आपण पुढच्या सोमवारी जातो. शब्दशः आठ मोजणारे यंत्र मंगळवार नोंदवील, आणि अर्ज भरण्याची मुदत सोमवारीच संपत असेल, तर विद्यार्थ्याचे वर्ष वाया जाईल.

यावर काही जण म्हणतील, सरळ तारीखच लिहावी. परीक्षेसारख्या प्रसंगी ते योग्यच आहे. परंतु यंत्राला समजावे म्हणून रोजच्या बोलण्यातील शब्द बाजूला ठेवण्याची सवय मला धोक्याची वाटते. यंत्राला न कळणारा शब्द माणूस हळूहळू वापरेनासा होतो. महाराष्ट्राबाहेर वाढणाऱ्या मुलांना मराठी प्रामुख्याने घरातच ऐकायला मिळते. तेथेही ‘पावणेसहा’ची जागा ‘पाच पंचेचाळीस’ने घेतली, तर तो शब्द त्यांनी शिकावा कोठून?

म्हणून मराठीचे जाणकार आणि संगणकाचे जाणकार यांनी एकत्र बसून कालवाचक शब्दांची नीट मांडणी केली पाहिजे. त्यात बोलण्यातील रूपे आणि निरनिराळ्या प्रदेशांतील वापरही यावेत. जेथे दोन अर्थ संभवतात, तेथे यंत्राने अंदाज करू नये. नोंद पक्की करण्यापूर्वी वार आणि तारीख पडद्यावर दाखवून त्याने विचारावे, ‘हाच दिवस ना?’