व्हेनिसची नावे बाजू

माझे मत अगदी स्पष्ट आहे. परदेशातले शहर बघायला जाताना माणसाने सोबत छत्री न्यावी, पोटाच्या गोळ्या न्याव्यात, बहिणीने दिलेला चिवडा न्यावा, फारच आग्रह झाला तर शेजाऱ्यांकडची हवेची उशीही न्यावी; पण तक्ता नेऊ नये.

हे बोलतोय तो कोणी कवी नव्हे. मी बँकेतला कारकून. बी.कॉम. झाल्यापासून वीसेक वर्षे माझे पोट तक्त्यांवरच चालले आहे. तेव्हा तक्त्याने काय होते आणि काय होत नाही, हे मला विचारा. तक्त्याने हिशेब लागतो, सहल लागत नाही. लागलीच तर बस लागते.

निमित्त आमच्या भाच्याचे. भाचा म्युनिकला नोकरीला आहे. पोरगा गुणी. मामा-मामींनी एकदा तरी यावे, असा त्याचा दोन वर्षे धोशा चालला होता. आम्ही हो म्हटले आणि तिसऱ्या दिवशी फोनवर एक तक्ता येऊन पडला. मथळा : ‘व्हेनिस वीकएंड फायनल ३’. शुक्रवारी रात्री म्युनिकहून गाडीत बसायचे, शनिवारी सकाळी व्हेनिसला उतरायचे, रविवारी रात्री परतीच्या गाडीत. अधल्या वेळात चौदा ठिकाणे. डावीकडे ठिकाण, मध्ये वेळ, उजवीकडे शेरा. रिआल्टो पूल : १० मिनिटे. उसाशांचा पूल : ५ मिनिटे, शेरा ‘फक्त फोटो’. मुरानो बेट, काच : ३५ मिनिटे. बुरानो बेट, रंगीत घरे : ४० मिनिटे. जेवण : २० मिनिटे, शेरा ‘उभ्याने’. आणि सर्वांत खाली, ‘मामी विश्रांती : १० मिनिटे, शेरा : शक्य असल्यास’.

मी फोन लावला.

“अरे, हे होईल का दोन दिवसांत?”

“होतं मामा. व्हेनिस दोन दिवसांत आरामात होतं.”

“होतं म्हणजे?”

“म्हणजे करून होतं.”

माझे भांडण या ‘करून होण्या’शी आहे. आपल्याकडे कोणी व्हेनिसला जात नाही, व्हेनिस ‘करतो’. जोशी मंडळी स्वित्झर्लंड करून आली, कुलकर्ण्यांचे पॅरिस व्हायचे आहे. ही भाषा आपण तीर्थयात्रेवरून उचलली. चारधाम केले, अष्टविनायक दीड दिवसात केले. तिथे ते चालून जाते. देव क्षमाशील असतो आणि रांगेत आपल्याला पुढे ढकलायला तिथे माणसे नेमलेली असतात. पण शहर ही करायची गोष्ट नव्हे. पंचनामा करतात, तेरावा करतात, मार्चअखेरीला आम्ही क्लोजिंग करतो. या तिन्ही गोष्टी केल्यावर माणूस ‘सुटलो बुवा’ म्हणतो. व्हेनिसहून परतताना तोंडून तोच उद्गार निघणार असेल, तर एवढ्या लांब जायचे कशाला?

तक्त्याचा दोष एकट्या भाच्याचा नाही हे मी मान्य करतो. त्याचे मूळ व्हिसात आहे. शेंगेन व्हिसाचा अर्ज भरून बघा. रोज रात्री कुठे झोपणार ते सांगा. जायचे-यायचे बुकिंग दाखवा. किमान तीस हजार युरोचा वैद्यकीय विमा काढा. जून २०२४ पासून नव्वद युरो फी भरा. शिवाय बँकेचे स्टेटमेंट. आयुष्यभर लोकांना काउंटरवरून स्टेटमेंट काढून देणाऱ्या मला स्वतःचे स्टेटमेंट दुसऱ्याच्या काउंटरवर सरकवताना जे वाटले, ते मी इथे लिहीत नाही. सांगायचे इतकेच, की निघण्याच्या दोन महिने आधीच माणसाच्या हातात तारीखवार कागद आलेला असतो. आता तारीखवार कागदाचा तासवार कागद करायला कितीसा वेळ लागतो? सरकारने विचारले होते फक्त, कुठे झोपणार. कुठे उभ्याने जेवणार, हे आपण हौसेने भरतो.

आणि गंमत अशी, की हा तक्ता न्यायचा कुठे, तर व्हेनिसला! वाणिज्य शाखेच्या मंडळींनी इथे क्षणभर कान पकडावेत. ज्या द्विनोंदी पद्धतीने आम्हाला कॉलेजात छळले, तिची पहिली छापील मांडणी १४९४ साली व्हेनिसमध्येच निघालेल्या ग्रंथात आहे. लेखक लुका पाचोली, फ्रान्सिस्कन साधू. पद्धत त्याने शोधली नाही, व्हेनिसचे व्यापारी ती आधीपासून वापरत होते. त्याने ती नीट लिहून काढली. म्हणजे हे शहर आमचे माहेरच. प्रत्येक नोंदीला दोन बाजू, एक जमा आणि एक नावे, हे जगाला शिकवणारे गाव. तिथे आमचा भाचा एकाच बाजूचा तक्ता घेऊन निघालाय. बघायचे काय, तेवढे लिहिले. त्यापायी नावे काय पडते, तो रकानाच नाही.

तो रकाना मी भरतो. आधी आपला. दोन रात्री गाडीत, मधली एक खाटेवर. एकेका ठिकाणी सरासरी पंचवीस मिनिटे, त्यातली दहा रांगेत, पाच फोटोत, पाच मामी कुठे राहिली ते बघण्यात. राहिली पाच. या शहरात मोटार नाही. शंभरावर बेटे आणि चारशेवर पूल, आणि पुलांना पायऱ्या. चाकांच्या बॅगेची सगळी ऐट पहिल्या पुलाशी संपते. पुढे ती बॅग आपल्याला ओढत नेते. पत्त्यांचीही तीच तऱ्हा. शहराच्या सहा पेठा आहेत आणि घराला गल्लीचा नव्हे, पेठेचा नंबर. तो हजारांत जातो. सदाशिव पेठेत जन्म काढलेल्या माणसाला हे ओळखीचे वाटेल. पण त्यालासुद्धा ३५ मिनिटांच्या रकान्यात ते घर सापडणार नाही. व्हेनिसमध्ये वाट चुकणे हा कार्यक्रमाचाच भाग असतो, आणि भाच्याच्या तक्त्यात चुकण्याला वेळ ठेवलेला नाही.

आता शहराची नावे बाजू. ही गमतीची नाही.

रिआल्टो पुलाजवळ एक औषधाचे दुकान आहे. त्याच्या खिडकीत २००८ सालापासून एक आकडा लावलेला आहे. जुन्या शहरात आज किती माणसे राहतात, त्याचा. १९५१ साली ही संख्या पावणेदोन लाखांच्या घरात होती. २०२२ साली ती पन्नास हजारांच्या खाली उतरली. आणखी एक आकडा एका पुस्तकांच्या दुकानात लावला गेला : पाहुण्यांसाठी किती खाटा आहेत, त्याचा. २०२३ साली खाटा माणसांपेक्षा जास्त झाल्याचे तिथल्या नागरिकांच्या एका गटाने मोजून जाहीर केले. पाचोलीबाबांच्या गावात एका खिडकीत जमा, दुसऱ्या खिडकीत नावे. असा ताळेबंद मी आमच्या बँकेत पाहिला असता, तर शाखा बंद होणार हे शिपायालाही कळले असते.

माणसे का जातात? घराचे भाडे पाहुणा रोजावर देतो, ते भाडेकरूला महिन्यावर परवडत नाही. मग वाण्याच्या दुकानात मुखवटे येतात, चांभाराच्या दुकानात काचेचे दागिने. ज्याला चप्पल शिवून घ्यायची तो समोरच्या किनाऱ्यावरच्या मेस्त्रेला राहायला जातो. आपण चौदा ठिकाणे बघून येतो आणि घरी सांगतो, “गाव सुंदर आहे हो, पण नुसतं म्युझियम झालंय!” झालंय नव्हे, आपण तिकीट काढून केलंय.

तिकीट हे मी अलंकार म्हणून म्हणत नाही. २५ एप्रिल २०२४ पासून व्हेनिसने दिवसभरापुरत्या येणाऱ्यांवर ठरावीक दिवशी पाच युरो प्रवेशफी बसवली. २०२५ साली असे चोपन्न दिवस होते आणि आयत्या वेळी ठरवणाऱ्याला पाचाऐवजी दहा. म्हणजे आखणी न करणाऱ्याला दंड! भाच्याने हे वाक्य मला ठळक अक्षरांत पाठवले. पण नियम पुढे वाचायचा असतो, ही कारकुनाची पहिली शिकवण. शहरात रात्री मुक्काम करणाऱ्याला ही फी माफ आहे. तो राहण्याच्या जागी वेगळा कर भरतोच. नगरपालिकेने नेमका कोणाला खर्च धरला आणि कोणाला जमा, हे यावरून कळते. मे महिन्यात पाहुणे येतात तेव्हा आपणही हेच करतो. राहणाऱ्याला गादी, डोकावून जाणाऱ्याला नुसता चहा.

इथे भाच्याने मला कोंडीत पकडले.

“मामा, मुक्काम करा म्हणता, आणि खाटा वाढल्या म्हणून रडता. तुमचं टॅली होत नाहीये.”

होते. खाट आणि खाट यांत फरक आहे. हॉटेलची खाट हॉटेलची असते. जिथे परवापर्यंत एक आजी राहत होती, ते बिऱ्हाड उठवून मांडलेली खाट ही त्या आजीच्या खात्यातून काढलेली रक्कम असते. सोय म्हणून आणि दोन पैसे वाचतात म्हणून आपण ती घेतो. न घेणे आपल्या हातात आहे.

त्याचा दुसरा मुद्दा मात्र मला मनापासून पटला. तो म्हणाला, “मामा, निवांत फिरा, महिनाभर राहा, हे श्रीमंतांनी सांगावं. माझ्याकडे दोनच दिवस असतात.” खरे आहे. आमची तरी काय कथा? २०१५ च्या सप्टेंबरपासून आम्हाला दुसरा आणि चौथा शनिवार सुटी मिळू लागली, तेव्हा शाखेत पेढे वाटले होते. दोन दिवसांची किंमत मला कोणी शिकवू नये. नोकरदाराने घरी बसावे आणि प्रवास सावकारांनी करावा, असे म्हणणाऱ्याच्या मी विरुद्धच उभा राहीन. पण माझे म्हणणे दोन दिवस कमी आहेत असे नाहीच. दोन दिवस पुष्कळ आहेत. चौदा ठिकाणे फार आहेत. खात्यात दोनशे रुपये असताना दोन हजारांचा चेक फाडणाऱ्याला आम्ही गरीब म्हणत नाही. चेक परत करतो.

आणि खरे सांगायचे तर मला व्हेनिसपेक्षा काळजी भाच्याची आहे. दोन वर्षांत त्याची एकोणीस शहरे झाली. सोमवार ते शुक्रवार त्याच्या कामाचे अर्ध्या-अर्ध्या तासाचे चौकोन दुसरे कोणी भरते; शनिवार-रविवारचे तो स्वतः भरतो. परवा आमच्या बहिणीने फोनवर विचारले, “प्रागला काय खाल्लंस रे?” पोरगा क्षणभर गप्प झाला आणि म्हणाला, “थांब आई, बघून सांगतो.” त्याने तक्ता उघडला! बहीण हसली. मला हसू आले नाही. पासबुकात नोंद आहे आणि खात्यात काही नाही, अशी खाती मी रोज बघतो.

टीका करणाऱ्याने पर्याय द्यावा, म्हणून मी माझा तक्ता पाठवला आहे. त्यात तीन ओळी आहेत.

एक : शनिवारी एक नंबरची पाणबस पकडायची आणि मोठ्या कालव्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बसून राहायचे. तिकीट २०२५ साली साडेनऊ युरो, पंचाहत्तर मिनिटांचे. गोंडोल्यात अर्ध्या तासाचे नव्वद युरो. त्यापेक्षा कालवा ओलांडून देणारी साधी नाव दोन युरोत मिळते. नावेत बसल्याचे समाधान तेच, नावे पडणारी रक्कम वेगळी.

दोन : शनिवारी संध्याकाळी, दिवसाचे पाहुणे स्टेशनाकडे पळत सुटले, की सहांपैकी एका पेठेत शिरायचे. एकाच. जेवण बसून.

तीन : रविवार दुपार ‘सस्पेन्स खाते’. बँकेत ज्या रकमेचा उलगडा होत नाही, ती तात्पुरती तिथे टाकतात. पुढे केव्हातरी तिचा अर्थ लागतो. प्रवासात हेच एक खाते व्याज देते, असा माझा अंदाज आहे.

मुरानो-बुरानो बाद. मुरानोला १२९१ पासून काचेच्या भट्ट्या आहेत. एवढी वर्षे आमच्यावाचून अडले नाही, अजून थोडी कळ काढतील.

भाच्याचे उत्तर आले : “मामा, यात अकरा ठिकाणं कमी आहेत.” मी कळवले, “आणि मामीची विश्रांती वाढली आहे.” त्यावर त्याच्या मामीने पलीकडच्या खोलीतून, न विचारता, माझ्या बाजूने मत दिले. आमच्या घरात असा ठराव एकमताने पास होण्याचे प्रसंग फार नाहीत. तेवढ्यासाठी तरी व्हेनिसचा मी ऋणी राहीन. आणि ऋण म्हटले, की ते फेडायला मुक्काम आलाच.