भागवंतीचा पेच

मेक्सिकोत मिगेल साबिदो यांनी १९७५ साली दूरदर्शन-मालिकेतून प्रौढ साक्षरतेचा प्रचार केला. त्याच धर्तीवर ७ जुलै १९८४ रोजी आपल्याकडे ‘हम लोग’ सुरू झाली. कुटुंबनियोजनाचा उपदेश प्रेक्षकांना पहिल्या १३ भागांतच जड झाला. मग तो सौम्य करण्यात आला. येथवर ठीक. खरा पेच भागवंतीचा. नवऱ्याची व सासूची बोलणी मुकाट्याने सोसणारी ही गृहिणी, स्त्रीने कसे असू नये हे दाखविण्यासाठी रेखाटली होती. अनेक प्रेक्षकांनी, त्यांत स्त्रियाही आल्या, तिलाच आदर्श मानले! दोष केवळ लेखकाचा म्हणावा काय? सोशिकपणाचे गोडवे तर प्रेक्षकांच्या घरोघरी आधीपासूनच गाइले जात होते. भागाअखेरचे अशोककुमारांचे निरूपण त्यापुढे तोकडे पडले.